पाळण्याची खाच

पाळणा रोसविटाच्या बापाने केला होता. अलोइस केसलर काही सुतार नव्हता, कोळशाच्या खाणीत उतरणारा माणूस. पण रविवारची सुट्टी मागच्या कोठीत घालवून त्याने बीच झाडाच्या फळ्या तासल्या, जोडल्या आणि कडा काचकागदाने अशा घासल्या की बाळाच्या हाताला कुसळ लागू नये. त्याच पाळण्यात रोसविटा वाढली. बाप छातीत साठलेल्या धुळीने गेला, आणि पाळणा तिच्या मुलीसाठी, सुझानसाठी, माळ्यावरून खाली आला. त्या कडेवर सासऱ्याने चाकू चालवला तेव्हा रोसविटा हसत होती. पुढे कितीतरी दिवस तिला चाकूपेक्षा त्या हसण्याचा राग येत राहिला.

ते साल बहात्तरचं. जर्मनीतल्या हेर्नेच्या खाणवसाहतीत सगळी घरं एका साच्यातली: लाल विटा, मागे कोबीचा वाफा, त्याच्यामागे कबुतरांचं खुराडं. खालच्या मजल्यावर रोसविटा आणि तिचा नवरा ताहसिन राहत, वरच्या मजल्यावर ताहसिनचा धाकटा भाऊ सादिक आणि त्याची बायको नाझमिये. ताहसिन तुर्कस्तानातला, काळ्या समुद्राकडचा, देवरेकजवळच्या एका खेड्यातला. तिकडेही कोळशाच्याच खाणी, म्हणून इकडे आला तेव्हा त्याला काम शिकवावं लागलं नाही. तो अलोइसच्या टोळीत होता. "खाली सगळेच काळे, वर आल्यावर कोण कुठला ते कळतं," असं म्हणत अलोइसने त्याला एका रविवारी जेवायला घरी आणलं. रोसविटाने सूप वाढलं, आणि पुढचं काय ते झालं.

रोसविटाची आई हेडविग लग्नाला आली, पण काळा कोट घालून. ताहसिनच्या बापाने तर पत्राला उत्तरच दिलं नाही. पाच वर्षं रुस्तेमने थोरल्या मुलाचं नाव घेतलं नाही. मग सुझान झाली, तिच्या मागोमाग सादिकला मुलगा झाला, एर्जान, आणि नातवाला बघायला म्हणून म्हातारा-म्हातारी आगगाडीने आले. सादिककडे आले, तरी दार एकच. खालच्या मजल्यावरून गेल्याशिवाय वर जाता येत नव्हतं.

त्या दिवशी ताहसिनने बूट पुसले, पुन्हा पुसले, आणि परत पुसायला घेतले तेव्हा रोसविटाने ते त्याच्या हातातून काढून घेतले. "अरे, झिजतील!"

"बाबा येताहेत," तो लहान मुलासारखा म्हणाला.

रुस्तेम आला. नक्षीच्या काठीवर भार देत उंबऱ्याशी थांबला, मुलाकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. ताहसिनने वाकून त्या हाताचं चुंबन घेतलं, तो कपाळाला लावला, आणि बराच वेळ सोडला नाही. सासू गुलिझार मागे उभी राहून डोळे पुसत होती. रोसविटाला वाटलं, सुटलो. पाच वर्षांचा दगड छातीवरून उतरला.

त्यानंतरच्या रविवारी सगळे खाली जमले. एर्जान जेमतेम तीन आठवड्यांचा. रुस्तेमने त्याला नाझमियेच्या मांडीवरून उचललं, सुझानच्या शेजारी पाळण्यात ठेवलं, आणि खिशातून काठ्या कोरायचा चाकू काढला. पाळण्याच्या कडेवर पातं टेकवून त्याने एक खोल खाच पाडली. गुलिझारने त्या खाचेला लाल फीत बांधली.

"भलं होवो," सादिक म्हणाला. नाझमियेने मान खाली घालून हसत तेच म्हटलं. गुलिझारनेही तेच म्हटलं.

रोसविटाला तिचा बाप आठवला. तिच्या माहेरी स्वयंपाकघराच्या चौकटीवर चाकूच्या रेघा होत्या. दर वाढदिवसाला अलोइस तिला तिथे उभी करायचा आणि डोक्यावर चाकू धरून उंचीची खूण करायचा. तिला वाटलं, म्हातारा नातवंडांची पहिली खूण करतोय. खाणवाले सगळीकडचे सारखेच. तिला भरून आलं, आणि ती मोठ्याने, सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, "भलं होवो, बाबा!"

रुस्तेमने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ताहसिन मात्र खिडकीकडे तोंड करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो पाळीवरून आला, सूप पुढ्यात घेतलं आणि चमचा न उचलताच म्हणाला, "तू काल हो का म्हणालीस?"

"कशाला?"

"भलं होवो म्हणालीस."

"सगळेच म्हणत होते."

"सगळ्यांचं वेगळं. तू तिची आई आहेस."

रोसविटाच्या हातातला पाव तसाच राहिला. "ताहसिन, ती खाच कशाची आहे?"

"लग्नाची."

"कोणाच्या?" तिने विचारलं, पण विचारतानाच तिची नजर पाळण्याकडे गेली. सुझान स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती.

"अजून दात नाही रे आला तिला!"

"मला ठाऊक आहे. लग्न काय उद्या लागतंय? वीस वर्षं आहेत. वीस वर्षांत काय काय होतं."

"चुलत भाऊ आहे तो तिचा."

"आमच्याकडे तेच चांगलं मानतात. मुलगी घरातल्या घरात राहते."

रोसविटाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुझ्या पाळण्यावर होती का अशी खाच?"

त्याने सूपची ताटली बाजूला सारली. मग एकेक शब्द दगडासारखा बाहेर आला. होती. मुलीचं नाव मेलिहा. ताहसिनने इकडे लग्न करून मग घरी पत्र टाकलं. मेलिहाचे भाऊ रुस्तेमच्या दाराशी येऊन चार माणसांत त्याच्या शब्दावर थुंकले. पाणवठ्यावर गुलिझारला बायका वाट देईनात. मेलिहाला शेवटी दूरच्या गावी एका विधुराला दिली.

"म्हणून बाबांनी ही खाच पाडली," ताहसिन म्हणाला. "मी मोडलं ते त्यांनी माझ्याच घरात पुन्हा जोडलं. आता पुन्हा नको म्हटलं तर त्यांना तोंड दाखवायला जागा नाही. आणि सादिक? खाणीत त्याच्या जिवाला माझा जीव बांधलेला. त्याला सांगू, तुझा मुलगा नको?"

"आणि सुझानला कोण विचारणार?"

"तिला अजून बोलता येत नाही." त्याने हसायचा प्रयत्न केला. रोसविटा हसली नाही, तेव्हा तो म्हणाला, "येत्या रविवारी बाबांनी माणसं बोलावलीत. इद्रिस होजा, आपला मौलवी, तोही येणार आहे. बाबा बांगडी घालणार आहेत तिच्या हातात. शब्द चार माणसांत पडला की संपलं. त्याआधी काही सुचत असेल तर सांग. मला सुचत नाही."

तिला तरी काय सुचणार! नको म्हणावं तर नवऱ्याचं घर दुसऱ्यांदा तुटणार, आणि या खेपेला तिच्या हातून. हो म्हणावं तर पोर बांधली जाणार. तिने स्वतः आपला माणूस आपण निवडला होता. आई काळा कोट घालून आली, पण तिनेसुद्धा हात धरून ओढलं नव्हतं.

बुधवारी हेडविग आलुबुखारचा केक घेऊन आली. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"हे काय? उंदीर लागले का पाळण्याला?"

"चाकू लागला, मम्मी. चुकून."

"चुकून!" हेडविगने खाचेवरून बोट फिरवलं. "तुझ्या बापाने अख्खा रविवार घासली होती ही कड. आणि ही फीत कसली? दृष्ट लागते वाटतं माझ्या नातीला?" उत्तराची वाट न बघता तिने सुझानला रोसविटाच्या छातीशी पाहिलं. "अजून पाजतेसच का तू? दुकानात दुधाच्या पावडरीचे डबे मिळतात, रोसी. खेडवळ बायकांसारखी बसतेस."

"मला आवडतं पाजायला."

"तुला काय काय आवडतं ते मी बघितलंय," हेडविग म्हणाली आणि केक कापायला बसली.

खरं सांगितलं असतं तर आईने त्याच पावली बॅग भरायला लावली असती. ते रोसविटाला नको होतं. ताहसिनचा राग येत होता, पण तो नको असं एकदाही वाटत नव्हतं. तिने केक खाल्ला आणि दोन कप कॉफी प्यायली.

त्या दिवसांत आणखी एक काटा तिला टोचत होता. एर्जान रडला आणि रोसविटाने त्याला उचलायला हात पुढे केला, की गुलिझार कुठूनतरी लगबगीने यायची. "राहू दे पोरी, मी घेते." एकदा नाही, दर वेळी. सुझानला पाजल्यावर अंगाला दुधाचा वास असताना तर ती एर्जानला तिच्या आसपास फिरकू देत नसे. रोसविटाने मनात धरलं, आपण परधर्माच्या, आपला विटाळ होत असणार. तोंडाने लाडाने रोझा म्हणून हाका मारतात आणि पोराला हात लावू देत नाहीत!

शनिवारी रविवारच्या जेवणाची तयारी सुरू झाली. नाझमियेला कालपासून ताप होता. एका बाजूची छाती दगडासारखी झाली होती, आणि पोराला पाजायचं म्हटलं की ती ओठ चावून रडायची. ती वर पडून होती. खाली गुलिझार, रोसविटा आणि शेजारची हायरिये कोबीच्या पानांत भात-खिमा भरून गुंडाळत बसल्या होत्या. हायरियेचे हात चालत त्याच्या दुप्पट तोंड चालायचं.

"लग्नावरून आठवलं. आमच्या गावात सगळं ठरलं होतं, कापडचोपड घेऊन झालं होतं. आणि कोण कुठली म्हातारी उठून म्हणाली, अगं, या मुलीला लहानपणी नवऱ्यामुलाच्या आईने पाजलंय! हिची आई शेतात होती आणि पोर रडत होती म्हणून. झालं, मोडलं लग्न. दूधभावाशी कसं लागणार?"

"मग मारामाऱ्या झाल्या असतील," रोसविटा पानावरची नजर न काढता म्हणाली.

"कशाला होतील? कोणी शब्द फिरवला नाही, कोणी अपमान केला नाही. एका दुधाची झाली ती भावंडंच! दोन्ही घरं उलट जवळ आली. अजून सणाला एकमेकांकडे जेवतात."

"हायरिये," गुलिझार म्हणाली, "तोंड आवर. पानं फाटतात तुझी."

आणि ती रोसविटाकडे बघू लागली. क्षणभरच. पण त्या क्षणात रोसविटाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विटाळ नव्हे. म्हातारी दूध राखत होती. सून परकी म्हणून नव्हे, तिच्या दुधाने पोरं भावंडं होतील म्हणून एर्जानला लांब ठेवत होती. इतके दिवस जो अपमान म्हणून गिळला, तो अपमान नव्हताच.

तिने पान गुंडाळलं. ते सैल झालं, भात बाहेर आला. तिने पुन्हा गुंडाळलं.

रविवारी सकाळी नाझमियेचा ताप इतका चढला की सादिकने तिला दवाखान्यात नेलं. गळू झालं होतं, कापावं लागणार होतं. एर्जान आजीपाशी राहिला. गुलिझारने बाटली उकळली, डब्याचं दूध केलं, पण पोर रबराची बोंडी तोंडात घेईना. घेतलीच तर थुंकायचं. साखरपाणी दिलं, तेही ओघळून गेलं. दुपारी माणसं जमली, पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका स्वयंपाकघरात, आणि सगळ्या घरावर त्या तान्ह्याचं रडणं करवतीसारखं फिरत होतं.

ताहसिन दाराशी येऊन बापाला म्हणाला, "बाबा, नाझमिये नाही, सादिक नाही. पुढच्या वेळी ठेवू या का?"

"माणसं आलीत," रुस्तेम म्हणाला. "जेवण होऊ दे, मग बांगडी. नाझमिये दवाखान्यात चांगल्या हातांत आहे. आणि त्या पोराला कोणीतरी गप्प करा!"

रोसविटा चुलीशी उभी होती. सुझान पोट भरून झोपली होती. एर्जान पुन्हा किंचाळला आणि रोसविटाच्या झग्यावर दोन्हीकडे ओल उमटली. शरीर कोणाला विचारत नाही. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं, हायरियेच्या हातातून पोर घेतलं आणि बायकांच्या मधोमध खुर्चीवर बसली. एर्जानचा आवाज बसत चालला होता. तोंड उघडं, आणि मधेमधे आवाजच नाही.

तिने झग्याचं पहिलं बटण काढलं.

गुलिझार समोर होती, हातात बाटली. दोघींच्या मध्ये एक टेबल, बस्स. तिने हात लांब केला असता तरी पोर हाताला आलं असतं. रोसविटा तिच्याकडे बघत राहिली. ताहसिनच्या आधी गुलिझारला एक मुलगा झाला होता. दुष्काळाचं साल होतं, तिचं दूध आटलं, आणि गावात पाजायला कोणी आली नाही. ते पोर गेलं. ताहसिनने हे एकदाच सांगितलं होतं, दिवा मालवल्यावर म्हणावं तशा आवाजात.

"आई, पोर उपाशी आहे," रोसविटा म्हणाली.

गुलिझारने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग ती टेबलाला वळसा घालून आली. हायरियेने "या अल्ला" म्हणून तोंडावर हात ठेवला. गुलिझारने बाटली टेबलावर ठेवली, खांद्यावरची लोकरी शाल काढली, आणि ती रोसविटाच्या खांद्यावरून, पोराच्या डोक्यावरून घातली.

"दाराचा वारा येतो," ती म्हणाली. "पाज."

एर्जानने असा चावा घेतला की रोसविटाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग घोट घेतल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि सगळ्या बायका तो ऐकत उभ्या राहिल्या.

गुलिझार बाहेरच्या खोलीच्या दाराशी गेली. "बांगडी खिशात ठेवा," ती नवऱ्याला म्हणाली. "मुलं भावंडं झाली."

काठी फरशीवर आपटली. कोणीतरी खोकलं. इद्रिस होजा हा खाणीतलाच म्हातारा, शुक्रवारी नमाज पढवायचा, एरवी पंपावर असायचा. त्याने विचारलं, "गिळलं का पोराने? की नुसतं तोंड लावलं?"

"घटाघटा पितोय. अजून पितोय."

"मग विचारण्यासारखं काही राहिलं नाही, रुस्तेम. एक घोटही पुरतो."

जेवण झालं. कोबीची पानं सगळ्यांनी खाल्ली, पण छान झाली असं कोणी म्हणालं नाही. माणसं उठली तेव्हा रुस्तेम मागच्या अंगणात जाऊन कबुतरांच्या खुराड्याजवळ पाठमोरा उभा राहिला. रोसविटा कॉफी घेऊन गेली. चालताना बशीत थोडी कॉफी सांडली होती.

त्याने वळून पाहिलं. "तुला माहीत होतं?"

ताहसिन मागच्या दारात येऊन उभा होता. बापाच्या पाठीमागून तो डोळ्यांनी विनवत होता, हळूच मान हलवत होता: नाही म्हण. आणि ते किती सोपं होतं! जर्मन सून, तिला कुठलं ठाऊक; पोर रडलं म्हणून पाजलं बिचारीने. म्हाताऱ्याने मानलं असतं. मानायला तो तयारच उभा होता.

"खाच पाडलीत त्या दिवशी माहीत नव्हतं, बाबा," रोसविटा म्हणाली. "आज माहीत होतं."

खुराड्यात कबुतरांनी पंख झाडले. रुस्तेमचा जबडा हलला. ती वाट बघत राहिली. आता काठी उचलेल, आता बॅग बांधा म्हणेल.

"माझ्या मुलाने पत्र पाठवून मोडलं," शेवटी तो म्हणाला, आणि ताहसिनकडे न बघता त्याच्यासाठीच बोलला. "तेही सगळं उरकल्यावर. तू निदान माझ्या तोंडावर सांगतेस." त्याने कॉफीचा कप उचलला, बशी तिच्याच हातात राहू दिली. "पाजलंस ना? आता अर्धीच आई होता येणार नाही. ते पोर आजारी पडलं तर तू जागायचं. ते वाईट निघालं तर लोक तुझंही नाव घेतील."

"जागेन."

"साखर कमी आहे," तो कपात बघत म्हणाला.

नाझमिये घरी येईपर्यंत एर्जान खालीच राहिला. रोसविटा एकीकडे सुझानला, दुसरीकडे त्याला घेऊन बसायची. नाझमिये परत आली तेव्हा तिला आधीच सगळं कळलं होतं. तिने दारात उभं राहून मुलगा मागून घेतला. तिचा चेहरा उतरला होता, झग्याखाली छातीला पट्टी होती.

"वहिनी, माझ्या पोराला जगवलंस, ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण त्याच्या भुकेचा तू आडोसा केलास, तेही विसरणार नाही. मला एका शब्दाने सांगायचं होतंस. मी काय तुझी सासू आहे?"

सासऱ्यासमोर रोसविटाकडे जे धैर्य होतं ते जावेपुढे उपयोगाचं नव्हतं, कारण जाऊ खरं बोलत होती. नाझमियेला काय हवं होतं, हे त्या आठवड्यात रोसविटाने एकदाही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी जसं सुझानला विचारलं नव्हतं, तसंच.

म्हातारा-म्हातारी परत गेले. जाताना रुस्तेमने रोसविटालाही हात पुढे केला. खाचेबद्दल तो मरेपर्यंत काही बोलला नाही. गुलिझारने शाल परत नेली नाही. हिवाळाभर नाझमिये जिन्यावरून उतरताना खालच्या दाराकडे बघत नसे. सादिक आणि ताहसिन मात्र रोज खाणीच्या एकाच पिंजऱ्यातून खाली उतरत, आणि वर आले की एकाच सायकलवरून घरी येत.

मार्च उजाडला तेव्हा नाझमियेला शाळेत साफसफाईचं काम लागलं. पहिल्या दिवशी सकाळी तिने खालचं दार ठोठावलं. एर्जान काखेत होता, नाक वाहत होतं, मूठ तोंडात होती.

"दात येताहेत," ती म्हणाली. "सगळं चावतो. दुपारी येईन मी."

"ठेव की."

"सासूबाई म्हणाल्या होत्या, हायरियेकडे ठेव. हायरिये पोराला गोष्टी सांगून मारेल." ती हसली नाही, पण गेलीही नाही. "रडला तर..." तिने पोराचं टोपडं सारखं केलं. "तुला माहीतच आहे काय करायचं ते." आणि ती पिशवी आणायला वर गेली.

रोसविटाने त्याला सुझानच्या शेजारी पाळण्यात ठेवलं. सुझानने लगेच त्याचे केस धरले. त्याने ओरडून घेतलं, मग पालथा होऊन पाळण्याची कड शोधली आणि नेमका त्या खाचेशी हिरड्या घासायला लागला. रोसविटाने त्याला मागे ओढलं, कोठीतून बापाचा जुना काचकागद आणला, आणि खाचेच्या दोन्ही धारा घासायला बसली. खाच बुजणार नव्हती, आणि तिला ती बुजवायचीही नव्हती. फक्त पोराच्या तोंडाला लागू नये, एवढंच.

वरच्या मजल्याचं दार लागलं, जिना वाजला. उंबऱ्याशी नाझमिये क्षणभर थांबली, आत डोकावली.

"जास्त घासू नकोस, वहिनी," ती म्हणाली. "लाकूड पातळ होईल," आणि कामाला निघाली.